तारेवरचे कागद

गावच्या घरात माजघराच्या खांबाला एक तार टांगलेली असायची. खाली लाकडाची चकती, वर टोकदार आकडा. घरात आलेला कागद त्या आकड्यात खुपसायचा आणि खाली सरकवायचा. शेतसाऱ्याची पावती, वाण्याची चिठ्ठी, पोस्टकार्ड, मनीऑर्डरचं कुपन, सगळं एकावर एक. आपल्याकडच्या कितीतरी घरांचं दप्तर म्हणजे ही एवढी तार. गेल्या वर्षी राजापूर तालुक्यातलं आमचं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा ती माझ्या हाती लागली. वरच्या कागदांची कसरीनं चाळण केलेली, मधले शाबूत. त्यांत आजोबांनी मुंबईच्या गिरणीतून पाठवलेल्या मनीऑर्डरींची ६१ कुपनं निघाली. सगळ्यांत जुनं १९५८चं, शेवटचं डिसेंबर १९८१चं.

ती मी ठाण्याला आणली आणि ठरवून टाकलं, दिवाणखान्याची मोठी भिंत यांची. फ्रेमवाल्याकडे जाऊन आले. पाच ओळी, ओळीत पाच, असं २५ कुपनांचं एक पॅनेल, चहाच्या रंगाचा माउंट, शिसवी पट्टी. मग पुण्याला आत्याला फोन केला. आत्याची सगळी नोकरी सरकारी दफ्तरखान्यात जुने कागद सांधण्यात गेली. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती दुसऱ्या दिवशी हजर झाली आणि चपला काढायच्या आत तिनं विचारलं,

"कुठली भिंत?"

"ही, समोरची."

तिनं भिंतीकडे पाहिलंच नाही, खिडकीकडे पाहिलं. "पश्चिमेची आहे."

"हो ना, संध्याकाळी इतकं छान ऊन येतं तिच्यावर."

"तेच ऊन अक्षरं पुसून टाकील, बाय."

मी चहा टाकला. आत्या कुपनं एकेक करून टेबलावर मांडत होती, कडेला धरून, बोटं अक्षरांवर न टेकवता.

"माणूस दमला तर झोपून उठल्यावर ताजा होतो," ती म्हणाली. "कागदाचं तसं नाही. उजेडानं जे गेलं ते अंधारात ठेवून परत येत नाही. आज चार तास, उद्या चार तास, सगळं साठत जातं. संग्रहालयात असा कागद मांडतात तेव्हा त्याच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि तोही काही महिनेच. मग उतरवून पेटीत. तुझ्या या खिडकीपाशी दुपारचे हजारांत लक्स असतील."

"अतिनील किरण अडवणारी काच मिळते. फ्रेमवाल्यानं सांगितलं मला."

"मिळते, आणि तिचा उपयोगही होतो. पण डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा शाई खातो. तो अडवलास तर तुला कुपन दिसणार कसं?"

"पेशवे दफ्तरातली पत्रं अडीचशे वर्षांची आहेत, तरी काल लिहिल्यासारखी दिसतात. तूच दाखवली होतीस मला. ही साठ वर्षांची का टिकणार नाहीत?"

हा प्रश्न तिच्या आवडीचा होता. तिनं कप बाजूला ठेवला, कुपनांपासून लांब. "ती पत्रं जुन्नरी नाहीतर दौलताबादी कागदावर आहेत. हाताचा कागद, चिंध्यांचा, दोरखंडांचा. वर खळ देऊन दगडानं घोटलेला. आणि शाई काजळाची. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, ऊन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. हा तुझा कागद कसला आहे? लाकडाच्या लगद्याचा सरकारी फॉर्म. आम्ल त्याच्या पोटातच आहे, उन्हाची वाटसुद्धा न बघता तो आतून पिवळा पडत चाललाय. वर शाईपेनची निळी शाई, पुढच्या वर्षांत बॉलपेन. दोन्ही उन्हात उडणाऱ्या."

जुना कागद जितका जुना तितका नाजूक, असं मी धरून चालले होते. ते उलटं निघालं. पणजोबांच्या काळातलं मोडी खत आपल्या लग्नपत्रिकेपेक्षा जास्त जगू शकतं, हे ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी एकदा शेजारी ठेवून पाहावं.

"म्हणजे पुन्हा ट्रंकेत टाकू?" मी विचारलं.

"रुमालात बांध." दफ्तरखान्यात कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, आणि आत्याच्या तोंडी हा शब्द घरच्या माणसाच्या नावासारखा येतो. "धुतलेलं, खळ काढलेलं सुती कापड. वर्षातून एकदा सोडायचं, वारा द्यायचा, परत बांधायचं."

"आत्या, तू एवढी वर्षं कागद जपलेस. ते टिकले. पण पाहिले कुणी?"

"राजवाड्यांनी पाहिले." तिनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडला तो माणूस. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांना ते कागद सापडले कुठे? माळ्यावर, फडक्यात, अंधारात. कुणी हौसेनं भिंतीवर लावले असते तर राजवाड्यांच्या हाती कोरे कागद आले असते."

"आत्ताच म्हणालीस, काजळाच्या शाईला ऊन काही करत नाही."

आत्या क्षणभर थांबली. "शाई राहिली असती. भिंतीची ओल आणि वाळवी यांनी कागद राहू दिला नसता."

"आणि माळ्यावरचे किती गेले ते? राजवाडे पोचायच्या आधी रद्दीत गेले, चुलीत गेले, नदीत सोडले गेले. घरातल्यांना ते काय आहेत हेच माहीत नव्हतं म्हणून गेले. डोळ्यांसमोर असते, कुणी विचारलं असतं, तर असे टाकून दिले नसते. आमची ही तारसुद्धा गवंडी कचऱ्यात टाकत होता. मी तिथे होते म्हणून वाचली."

यावर ती काही बोलली नाही. मी पुढे रेटलं. "आणि कागद भिंतीवर लावणं हे काही आजचं फॅड नाही. रविवर्म्यानं १८९४ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला हलवला, आणि तिथून छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. बायका त्या चित्रांवर जर लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या. तो कागदच होता. मानपत्रं काय, मुंजीतले फोटो काय, कॅलेंडरवरचे दत्तगुरू काय, आपल्या घरांतल्या भिंती कागदानंच भरलेल्या होत्या."

"होत्या. पण ते कागद भिंतीसाठीच जन्मले होते. मानपत्र लिहितानाच माहीत असतं की हे चौकटीत जाणार आहे, म्हणून अक्षर वळणदार, किनार सोनेरी. काडेपेटीचं लेबल, कापडाच्या ठाणावरचा छाप, नाटकाची जाहिरात, ही सगळी लांबून दिसण्यासाठी केलेली. ती तू खुशाल लाव. जुन्या बाजारातून आणून लाव. मनीऑर्डरचं कुपन हातासाठी जन्मलंय. एकानं लिहायचं, एकानं घ्यायचं. तिसऱ्या माणसानं सोफ्यावर बसून ते बघायचं, हे त्या कागदाच्या मनात कधीच नव्हतं."

भिंतीसाठीचा कागद आणि हातासाठीचा कागद. मी घरसजावटीवर बरंच वाचलं आहे, पण हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. आणि इथे मला एक गोष्ट सांगावी लागली, जी माझ्या बाजूची नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका कॅफेत गेले होते. भिंतीवर जुनी पोस्टकार्डं, रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं, चित्रपटाच्या गाण्यांच्या पुस्तिका, सगळं सुरेख चौकटींत. माझ्या टेबलाशेजारच्या चौकटीत एक कार्ड होतं. त्याचा एक कोपरा फाटलेला, आणि तो फाटलेला कोपरा नीट दिसावा असा माउंट कापलेला. कॉफी येईपर्यंत मी ते वाचलं. वर 'श्री' नव्हतं. कुणाची तरी आई मंगळवारी पहाटे गेल्याचं आणि दहावा कधी आहे ते त्यात लिहिलं होतं.

आत्यानं डोळे मिटले.

आपल्याकडे अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायचे. हातात पडताक्षणी कळावं म्हणून. वाचून झालं की ते फाडून टाकायचे, घरात ठेवत नसत. हे एक कुणीतरी फाडलं नव्हतं, का कोण जाणे, आणि मग फिरत फिरत ते त्या भिंतीवर आलं होतं. मी मालकाला दाखवलं. तरुण मराठी मुलगा होता. त्यानं ते माझ्यासमोर पहिल्यांदा वाचलं आणि तिथल्या तिथे उतरवलं. बिचाऱ्यानं ते विकत घेताना फक्त त्याचा रंग पाहिला होता.

"बघ," आत्या एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तू वाचलीस का सगळी? ही ६१?"

खरं सांगायचं तर वीसेक वाचली होती. बाकीच्यांचे फोटो काढले होते.

आत्या खाली सतरंजीवर बसली आणि तिनं कुपनं वर्षावार लावायला घेतली. टपाल कचेरीचा गोल शिक्का कुठे स्पष्ट, कुठे पुसट. प्रत्येक कुपनाच्या बरोबर मध्ये तारेचं भोक, भोवती गंजाचं तांबूस वलय. मी तिला सांगितलं की फ्रेमवाला ही भोकं बुजवून देणार आहे, मागून कागद लावून, वरून रंग मारून, कळणारसुद्धा नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान झाले.

"आईला वाचता येत नव्हतं. आधी पोस्टमन वाचून दाखवायचा. पहिली-दुसरी झाल्यावर मी वाचायला लागले. मजकुराला जागा असते केवढीशी? दोन ओळी. आई त्या मला तीन वेळा वाचायला लावायची. एकदा पोस्टमनसमोर, एकदा तो गेल्यावर, एकदा रात्री जेवणं झाल्यावर. मग तिला पाठ झालं की ती स्वतःच्या हातानं कागद तारेला लावायची. वाचल्याशिवाय तारेला काही जात नसे. हे भोक म्हणजे वाचून झाल्याची खूण आहे, बाय. तो बुजवणार म्हणे!"

मग ती वाचत गेली. तिला वाचावं लागत नव्हतं, पहिले दोन शब्द पाहिले की पुढचं येत होतं.

"'रु. ३५. पावसाआधी घर शाकारून घेणे. उरतील ते वाण्यास देणे.' हे १९६४चं."

"'रु. २०. या महिन्यात कमी. समजून घेणे.'"

"'गणपतीस येणे होत नाही. रजा नाही. मुलांना नवे कपडे घेणे.'"

"'मुलीस शाळेत घालणे. पाटी घेणे.' ही मी."

त्या कुपनाशी ती जरा थबकली. मग म्हणाली, "तुला यातलं काय नाही ते माहीत आहे? पोच. मनीऑर्डरच्या फॉर्मचा एक तुकडा सही-अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायचा. त्यावर आईचा अंगठा असायचा. दर महिन्याला बाबांना लालबागच्या खोलीत तो अंगठा मिळायचा. त्यांनी ते तुकडे पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, मी पाहिलेत. खोली सोडली तेव्हा तो डबा कुठे गेला कळलं नाही. तू भिंतीवर लावलंस तर अर्धंच बोलणं लागणार, बाबांचं. आईनं दिलेलं उत्तर नाही."

मला एवढी वर्षं हे ठाऊक नव्हतं. कुपनं ट्रंकेत असती तर ठाऊक झालंच नसतं, हेही मला तेव्हाच जाणवलं, आणि मी ते बोलून दाखवलं. "आत्या, मी भिंतीचं काढलं म्हणून तू पुण्याहून आलीस. म्हणून हे बोललीस. नाहीतर तुझ्याबरोबर गेलं असतं. आणि टांगायचं म्हणशील तर आजीनंच टांगले होते की हे कागद. खांबाला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

"माजघरात," आत्या म्हणाली. "तिथे दिवसा दिवा लावावा लागायचा."

पण ती मऊ झाली होती. तेवढ्यात माझी पाचवीतली मुलगी क्लासहून आली, सतरंजीवरचा पसारा पाहून बसली आणि तिनं विचारलं, "आत्याआजी, शाकारणं म्हणजे काय?" त्यानंतर पाऊण तास आत्या कौलं, वासे, पेंढा, माकडांनी फोडलेली कौलं आणि गळक्या घरात रात्री भांडी कशी मांडायची हे सांगत होती. मी मध्ये बोलले नाही.

शेवटचं कुपन तिनं वेगळं काढलं. डिसेंबर १९८१. पुढच्या महिन्यात, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आजोबा होते. त्यानंतर घरी कधीच मनीऑर्डर आली नाही. त्या कुपनावर काय लिहिलं आहे ते मी इथे देत नाही. "हे कुठेच लावायचं नाही," आत्या म्हणाली, आणि यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

बाकी एकमत झालं नाही, ते आजही नाही. पण काम झालं. सगळी कुपनं दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन केली. मोठ्या भिंतीवर २५ लागली आहेत ती छापील प्रती, हातकागदावर, मूळ आकारात. आत्या त्या पॅनेलला कॅलेंडर म्हणते. तिचं म्हणणं, गंजाचं वलय छापता येतं, भोक छापता येत नाही. हे खरं आहे. जवळ जाऊन पाहिलं की कळतं. म्हणून मी एका तरी खऱ्या कुपनासाठी हट्ट धरला, आणि तिनं तिचं दिलं, पाटीचं.

ते आतल्या पॅसेजमध्ये लावलं आहे, जिथे ऊन पोचत नाही आणि भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर नाही. ते चौकटीत बसवायला आत्या स्वतः फ्रेमवाल्याकडे आली. सेलोटेप नाही, पांढरा गोंद नाही, लॅमिनेशनचं तर नाव नाही, कारण ते एकदा केलं की कागदाला हानी न करता काढता येत नाही. आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यावर कागद फक्त वरच्या कडेला पातळ जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्यांनी धरायचा, आणि चिकटवायला घरी शिजवलेली गव्हाच्या सत्वाची खळ, जी उद्या पाण्याच्या बोटानं सुटते. खळ म्हटल्यावर फ्रेमवाल्याचा चेहरा उजळला. त्याचे वडील करायचे म्हणे, मोरचूद घालून, किडीसाठी. "मोरचूद नको," आत्या म्हणाली, "ते किडीबरोबर कागदालाही खातं." माउंटमुळे काच कागदाला टेकत नाही, आणि चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना कॉर्कचे दोन तुकडे, भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळायला. जुन्या तसबिरी वरून पुढे झुकलेल्या असत, त्यांच्या मागेही असाच वारा असायचा. भोक जसं होतं तसं, त्यातून मागचा पांढरा पुठ्ठा दिसतो.

अट एकच आहे. मृग लागायच्या आधी चौकट उतरवायची, कागद रुमालात ठेवायचा. दिवाळी झाली की दुसरं कुपन लावायचं. यंदा १९६४चं लागेल, शाकारणीचं.

तुमच्या घरी अशी तार असेल, पत्र्याची ट्रंक असेल, देव्हाऱ्याखालच्या फळीवर पिशवीत बांधलेली पत्रं असतील, तर ती सजावटीला काढण्याआधी एकदा सगळी वाचा. आणि ती पहिल्यांदा वाचलेलं कुणी घरात अजून असेल, तर त्या माणसाजवळ बसून वाचा. कोण, कुणाला, कुठून, तेव्हा काय झालं होतं, हे साध्या मऊ शिसपेन्सिलीनं कागदाच्या मागे हलक्या हातानं लिहून ठेवा. शिसपेन्सिल म्हणजे ग्राफाइट, तोही कार्बनच, तो उडत नाही. आमची आत्या आता सत्तरीची आहे. ६१पैकी ४४ कुपनांच्या मागे लिहून झालं आहे. उरलेल्या १७साठी मी येत्या रविवारी पुण्याला जाते आहे.